डालड्याचा डबा आणि सव्वा वीत

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीने 'साधी, घरगुती दिवाळी' नावाची स्पर्धा ठेवली होती. घरी केलेला एक फराळाचा पदार्थ आणि टाकाऊतून टिकाऊ केलेली एक शोभेची वस्तू आणायची, बक्षीस म्हणून एअर फ्रायर. (एअर फ्रायरचा आणि चकलीचा संबंध काय हे मी विचारलं नाही.) मी हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी करतो, लग्न झालेलं नाही, घरात एक कढई आहे आणि तीही नॉनस्टिक. तरी नाव दिलं. कारण माझ्याकडे हुकमाचा एक्का होता. कराडला आजी आहे. वय सत्याऐंशी, कान थोडे गेलेत, बाकी सगळं शाबूत.

फोन करून तिला म्हटलं, "आजी, तुमच्या वेळची साधी दिवाळी करायची आहे. कशी करायचात ते सांग."

पलीकडून बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "साधी कसली रे? नसायचं म्हणून तसं करायचो. तुला साधं पाहिजे असेल तर दुकानातनं आण की. त्याहून साधं काय?"

पुढच्या शनिवारी कराडला गेलो तेव्हा तिने माळ्यावरून एक डबा काढायला लावला. त्यात लाल कापडी पाठीची एक हिशेबाची वही होती. दर दिवाळीला एक पान. पहिलं पान १९५८चं, म्हणजे तिच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीचं. मधली काही वर्षं नाहीत. बाळंतपणं, सासऱ्यांचं आजारपण, एक वर्ष सुतक. पानांवर पाककृती नाहीत, नुसतं सामान: काय आणलं, कुठून आणलं, किती उरलं. मला लॉग फाइल वाचायची सवय आहे. एरर कुठे आला हे शोधायचं तर सगळं चाललेलं असतानाच्या ओळी सोडून द्यायच्या आणि जिथे काहीतरी अडलं तिथे थांबायचं. आजीची वही मी तशीच वाचली, आणि अडलेल्या जागा शोधता शोधता मी साखर, डालडा आणि भूमितीपर्यंत पोचलो.

आधी एक सांगायला हवं. फराळ फार पुरातन आहे आणि आपण आता तो बिघडवला, असं आपण गृहीत धरतो. त्यातला पहिला भाग अर्धाच खरा आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसऱ्याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मांडे आहेत, घारिका आहेत, वडे आहेत. पण तो राजाचा स्वयंपाक. भांडारकर संस्थेत अनेक दशकं क्युरेटर असलेले परशुराम कृष्ण गोडे यांनी असल्या गोष्टींचा नाद लावून घेतला होता. दिवाळीचा इतिहास, रांगोळीचा इतिहास, आतषबाजीचा इतिहास, जिलबीचा इतिहास, प्रत्येकावर त्यांचा स्वतंत्र निबंध आहे. जुन्या पोथ्यांमधून एकेक उल्लेख वेचायचा, त्याला साल लावायचं आणि ओळीने मांडायचं, अशी त्यांची पद्धत. त्यांच्या दिवाळीवरच्या लेखाची कालमर्यादा इसवी सन ५० ते १९४५ आहे! रामदासांच्या काळातल्या रघुनाथ गणेश नवहस्तांच्या 'भोजनकुतूहल'मधून जिलबीचा उल्लेख त्यांनीच पुढे आणला. गोडे वाचले की कळतं, पदार्थ जुने आहेत हे खरं, पण कोणाच्या घरचे हा प्रश्न पोथी सोडवत नाही. पोथी लिहवून घेणाऱ्याच्या घरात तूप होतं.

आजीच्या वहीतला घोळ सुरू होतो तो मापांपासून. १९५८च्या पानावर 'शेर' आहे, 'पावशेर' आहे, 'अधोली' आहे. पैसे काही ठिकाणी आण्यांत, काही ठिकाणी नव्या पैशांत, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली आणि लोक बरीच वर्षं दोन्ही बोलत राहिले. वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६चा, पण किलो सक्तीने दुकानात यायला १९६२ उजाडलं. वहीत १९६३ला पहिल्यांदा 'किलो' दिसतो आणि त्याच पानावर, त्याच अक्षरात, 'मापटं' पण. आजीला विचारलं तर म्हणाली, "दुकानदार किलोत द्यायचा, मी मापट्यानं वापरायची. माझ्या हाताला किलो कुठं कळतोय?"

हे वाक्य मराठी पाकपुस्तकांच्या इतिहासातल्या एका मोठ्या वळणाबद्दल आहे, हे मला नंतर उमगलं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१०चं. ते पिढ्यान् पिढ्या लग्नात आंदण दिलं गेलं, पण ते वाचायला घरात तराजू लागतो आणि तोळा-मासा समजावा लागतो. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, किर्लोस्करांकडून, आणि त्यात मापं वाटी-चमच्याची. कमलाबाई सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या, शाळा चौथीपर्यंत. वाटी प्रत्येकीकडे असते, आणि एका पदार्थाला एकच वाटी वापरली तर ती लहान की मोठी याने काही बिघडत नाही, कारण प्रमाण टिकतं. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी एककं काढून टाकली आणि गुणोत्तरं ठेवली. आजीकडे 'रुचिरा' आहे, पण ते तिच्या धाकट्या जावेने आणलं. तिचं स्वतःचं मत, "चांगलं आहे, पण साखर लई सांगते बाई."

साखर. वहीतला पहिला मोठा अडथळा हाच. जवळजवळ प्रत्येक पानावर साखरेपुढे 'रेशन' असं लिहिलंय आणि काही पानांवर 'जादा मिळाली' किंवा 'जादा नाही'.

रेशनिंग आलं युद्धामुळे. मे १९४३मध्ये मुंबईत रीतसर रेशनिंग सुरू झालं आणि मग ते इतर शहरांत पसरलं. युद्ध संपलं, स्वातंत्र्य आलं, नियंत्रणं उठवा असा गांधीजींचा आग्रह होता म्हणून १९४७च्या अखेरीस साखरेवरचं नियंत्रण उठलंही, पण ते पुन्हा पुन्हा येत राहिलं. गंमत अशी की नेमक्या याच काळात महाराष्ट्र साखरेचा मुलूख होत होता. विठ्ठलराव विखे पाटलांचा प्रवरेचा सहकारी कारखाना १९५०-५१च्या हंगामात सुरू झाला, त्यात धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ होता, आणि पुढच्या वीस वर्षांत कृष्णाकाठही उसाने भरला. आजीच्या अंगणातून उसाच्या बैलगाड्या जाताना दिसायच्या आणि आजी साखरेच्या रांगेत उभी! १९६७ला सरकारने मधला मार्ग काढला. कारखान्याच्या साखरेतला साठ टक्के हिस्सा लेव्ही म्हणून ठरलेल्या भावाने रेशनवर, उरलेली खुल्या बाजारात. एकाच पोत्यातल्या साखरेला दोन भाव. सणाला रेशनवर जादा साखर द्यायची हा रिवाज तेव्हाच पक्का झाला, आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात 'साखर आली का?' हा गावभरचा प्रश्न झाला.

याचा परिणाम फराळाच्या ताटावर सरळ दिसतो. ज्या पानावर 'जादा नाही' आहे त्या वर्षी बेसनाचे लाडू नाहीत, करंज्या निम्म्या, आणि शेव-चिवड्याचं सामान वाढलेलं. गोडाला अनारसे आहेत, कारण अनारशाला गूळ चालतो आणि गूळ सासऱ्यांच्या गावाहून यायचा. आपण ज्याला 'आमच्याकडे तिखट फराळच जास्त आवडतो' म्हणतो, त्यातली काही आवड अशा आठवड्यांत घडली असावी असा मला दाट संशय आहे. सिद्ध करता येणार नाही. पण माझ्या वडिलांना आजही लाडवापेक्षा शेव आवडते आणि त्यांचा जन्म १९६२चा आहे.

अनारशाबद्दल थोडं थांबतो, कारण स्पर्धेसाठी मी तोच निवडला होता. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग सावलीत सुकवून ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, गुळात किंवा पिठीसाखरेत मळून गोळा डब्यात मुरत ठेवायचा. पाच-सहा दिवसांनी खसखशीवर थापून तुपात, तेही एकाच बाजूने, वरून झाऱ्याने तूप उडवत. सामान पाहिलं तर तीन वस्तू. वेळ पाहिला तर दहा दिवस. आणि इतकं करून गुळाचं प्रमाण इकडचं तिकडे झालं तर तुपात पडताच अनारसा विरघळून जातो. याला आजी 'हसला' म्हणते. माझे पहिले सहा हसले. आजीने कढईत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "तूप गाळून ठेव. हसलेला गाळ चहाबरोबर खायचा." टाकायचा नाही, हे ती बोललीही नाही, इतकं ते गृहीत होतं.

आता डालडा.

आजीचा जन्म १९३७चा आणि डालडाही १९३७चा, त्यामुळे माझ्या डोक्यात त्या दोघी जुळ्या आहेत. शिवडीला हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा कारखाना १९३२पासून चालू होता. मालक लिव्हर. वनस्पती तूप आयात करणाऱ्या 'दादा' नावाच्या व्यापारी कंपनीच्या नावात लिव्हरचा 'एल' घुसवून 'डालडा' झालं. रसायन असं: शेंगदाण्याचं तेल तापवायचं, त्यात निकेलची पूड उत्प्रेरक म्हणून टाकायची आणि हायड्रोजन वायू सोडायचा. तेलाच्या रेणूंतले दुहेरी बंध भरत जातात, ते गोठायला लागतं आणि तुपासारखं रवाळ दिसतं. विल्हेल्म नॉर्मन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली याचं पेटंट घेतलं होतं. युरोपात याचा उपयोग साबण आणि मार्गारिनला. आपल्याकडे मात्र ते थेट तुपाच्या जागी आलं, आणि तुपाची जागा म्हणजे देवाची, बाळंतिणीची, सणाची जागा.

त्यामुळे भांडण होणारच होतं. गांधीजींचा वनस्पतीला विरोध होता. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घाला म्हणून संसदेत मागणी झाली. निदान त्याला रंग तरी द्या म्हणजे साजूक तुपात मिसळलं तर ओळखू येईल, असंही सुचवलं गेलं, पण सगळ्या बाजूंनी पटणारा रंग सापडला नाही. शेवटी उपाय निघाला तो मला अभियंता म्हणून अतिशय आवडतो. प्रत्येक वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचं तेल घालायची कायद्याने सक्ती. डोळ्यांना, जिभेला काही कळत नाही. पण संशयित तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फुरफुराल घालून हलवलं की तिळाच्या तेलातल्या एका घटकामुळे गुलाबी रंग येतो. गुलाबी झालं की भेसळ. म्हणजे मालातच लपवलेली सही! सॉफ्टवेअरमध्ये याला वॉटरमार्क म्हणतात आणि आम्हाला वाटतं आम्ही शोधला.

आजीच्या घरात हा वाद कसा मिटला? "देवापुढच्या पाच करंज्या साजूक तुपात. मग त्याच कढईत डालडा. मग पाव्हण्यांच्या. मग आपल्या. शेवटी तेलात शेव." एकाच कढईत, एकाच बैठकीत, उतरत्या भाजणीने. यात कोणाला काही खुपायचं का? "सासूबाईंना खुपायचं. त्या डालड्याचं खायच्या नाहीत. मग त्यांच्या वाटच्या वेगळ्या." आणि तुझ्या? "मी तळून तळून खायचं मन उरायचं होय?"

शंकरपाळीच्या खुसखुशीतपणाचं श्रेय मात्र डालड्याला द्यायलाच हवं. मोहन घालतो तेव्हा पिठाच्या कणांवर स्निग्धाचा थर बसतो आणि गव्हातल्या चिकट प्रथिनांचे धागे लांब होत नाहीत, म्हणून चावल्यावर तुटतं, ताणलं जात नाही. सामान्य तपमानाला घट्ट राहणारं स्निग्ध हे काम तेलापेक्षा चांगलं करतं, आणि साजूक तूप एवढं ओतणं परवडणारं नव्हतं. ज्या चवीला आपण आजीच्या हातची म्हणतो ती बऱ्याच घरांत निकेल उत्प्रेरकाची होती. याच प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतात, आणि ती किती घातक आहेत हे विज्ञानाला खूप उशिरा कळलं. जानेवारी २०२२पासून आपल्याकडे त्यांची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली गेली. डालडा हा ब्रँड लिव्हरने २००३लाच विकून टाकला होता.

पण डबे राहिले. पिवळा डबा, त्यावर हिरवं माडाचं झाड. वही ज्या डब्यात होती तो डालड्याचाच, झाड पुसट झालेलं. मला वाटतं घरगुती सजावटीचा आपला खरा इतिहास या रिकाम्या पत्र्यात आहे. त्याच्या आधी रॉकेलचा डबा होता, चार गॅलनचा चौकोनी, लाकडी खोक्यातून जोडीने येणारा. आशियाभर लोकांनी त्याच्या बादल्या, कावडी, पेट्या, छपरं केली. कंपनीने माल विकला, आणि भांडं फुकट मिळालं. डालड्याचा डबा त्या घराण्यातला, झाकण असलेला, म्हणून मानाचा. आजीकडे फराळ त्यात, फराळ संपल्यावर डाळी त्यात, तळाला गंज लागला की तुळस त्यात. तुळशीच्या डब्यांना ती दर दिवाळीला गेरूचा हात द्यायची आणि वर चुन्याचे ठिपके. वहीत 'गेरू' ही नोंद दरवर्षी आहे, अगदी 'जादा नाही'च्या वर्षांतही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा फळीवरचे हे डबे धडाधड खाली आले. आजीची आठवण अशी की सगळे ओरडत बाहेर पळाले, आणि तिला वाटलं मांजर.

घर सजवायच्या बाकीच्या वस्तू काळाप्रमाणे बदलत गेल्या. काचेच्या मण्यांचं तोरण माहेरचं. लोकरीचं पोपटांचं तोरण सत्तरच्या दशकातलं, नमुना 'स्त्री' मासिकातून उतरवलेला. 'स्त्री' निघालं १९३०ला, किर्लोस्करवाडीहून. म्हणजे नांगर आणि मासिक एकाच गावचे. नंतर इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांचं झुंबर आलं, मग लग्नपत्रिकांच्या पट्ट्या यू-पिनांवर गुंडाळून केलेला दाराचा पडदा. माझ्या आत्याने तो केला तेव्हा घरात दोनशे पत्रिका जमायला तीन लग्नसराया लागल्या होत्या. दिसायला हे फार सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. तो पडदा केसांत अडकायचा.

सुंदर होता तो कंदील. तो आजोबांचा.

कार्तिकात उंच काठीवर आकाशदीप लावायची प्रथा जुनी, पितरांना वाट दिसावी म्हणून. घरोघरचा कागदी आकाशकंदील मात्र दिवा आत सुरक्षित राहायला लागला तसा फोफावला, आणि विजेचा बल्ब आल्यावर तर विचारूच नका. आजोबा शाळेत मास्तर. ते बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणायचे, आजी कणकेची खळ शिजवून द्यायची, पतंगी कागद मात्र विकतचा. त्यांचा कंदील पारंपरिक षट्कोनी. सहा चौकटी, प्रत्येक कोपऱ्यावर उभी, शेजारणीच्या टोकाला टोक बांधलेली. वर-खाली एकेक षट्कोन. चौकटींच्या मधे आपोआप बारा त्रिकोण. खाली झिरमिळ्या, कडेला कागदाच्या करंज्या. कंदिलालाही करंज्याच म्हणतात याची मला लहानपणी फार मजा वाटायची.

त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या शिसपेन्सिलीने लिहिलेला एक चिठोरा याच वहीत सापडला: 'चौकट १ वीत. वरखाल सव्वा.' म्हणजे चौकटीची काडी एक वीत, तर वरच्या-खालच्या षट्कोनाची काडी सव्वा वीत.

मी तो चिठोरा घेऊन बसलो. चौकटीची बाजू एक, तर तिचा कर्ण वर्गमूळ दोन. सहा चौकटी टोकाला टोक लावून उभ्या केल्या की मधल्या पट्ट्यात सहा कर्णांचा एक मोठा षट्कोन तयार होतो. चौकट सरळ उभी असेल तर तिचं वरचं टोक बरोबर त्या षट्कोनाच्या बाजूच्या मध्यावर येतं. षट्कोनाच्या केंद्रापासून बाजूच्या मध्यापर्यंतचं अंतर येतं वर्गमूळ सहा भागिले दोन, आणि नियमित षट्कोनात केंद्रापासून टोकाचं अंतर हीच बाजू, म्हणून वरच्या षट्कोनाची काडीही तेवढीच. वर्गमूळ सहा भागिले दोन म्हणजे १.२२४७.

सव्वा म्हणजे १.२५. विताच्या मापात फरक अर्ध्या सेंटिमीटरचा, बांबूच्या टोकाला दोरा गुंडाळायला तेवढं हवंच असतं.

चार चौकटींचा कंदील केला तर सगळ्या काड्या सारख्या लागतात, म्हणून तो सोपा. सहाला सव्वा लागतो. सारख्या घेतल्या तर चौकटी आत वाकतात आणि कागद सुरकुततो. आजोबांना वर्गमूळ येत होतं, पण त्यांनी ते काढलं असेल असं वाटत नाही. सव्वा त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितला होता, असं आजी म्हणते. मी लॅपटॉपवर हे तिला दाखवलं. तिला कौतुक वाटलं, पण मग म्हणाली, "कंदील सगळ्यांच्या ध्यानात राहतो. बाहेर टांगलेला असतोय ना."

ही ओळ मी बरेच दिवस घेऊन फिरलो. वहीत सामान आहे, पैसे आहेत, काम कुठेच नाही. चकलीची भाजणी भाजायला लागलेले तास, गिरणीतली रांग, रॉकेलची रांग, चार घरांत मिळून एकच पितळी सोऱ्या म्हणून रात्री अकराला आलेली पाळी, याची एकही नोंद नाही. 'काटकसर' हा शब्द वापरताना वस्तूंची बचत मोजली जाते आणि ती ज्या वेळेतून होते तो वेळ फुकट धरला जातो. सोसायटीच्या स्पर्धेत माझ्या मजल्यावरच्या एका बाईंनी सुट्टी टाकून कडबोळी केली होती आणि परीक्षकांनी 'किती साधं आणि सुंदर' म्हणून टाळ्या वाजवल्या.

आणि वही नसलेली घरं? शाहू पाटोळ्यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांचं अन्न नोंदवलंय. तेल, तूप, दूध यांना त्यात जागा जवळजवळ नाही. गव्हाचं पीठ, साखर आणि कढईभर तळण या तीन गोष्टी एकत्र येणं हीच ज्यांच्याकडे दुर्मीळ गोष्ट, त्यांच्या दिवाळीला आपण ठरवलेल्या सात पदार्थांचं माप लावता येत नाही. आमच्या आजीची तंगी ही रेशनकार्ड, पगार आणि सासरचा गूळ असलेल्या घराची तंगी होती. ती खरी होती, पण तिच्याखाली अजून मजले होते.

१९७३चं पान जवळपास कोरं आहे. 'डालडा नाही. साखर पाव. चकली नाही.' बस. दुष्काळाची वर्षं होती, रेशनवर अमेरिकेची मिलो यायची. मुंबईत १९७२ला महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि हजारोंनी बायका लाटणी घेऊन थाळ्या बडवत रस्त्यावर उतरल्या. मागण्या धान्य, साखर, तेल आणि रॉकेल. म्हणजे अक्षरशः फराळाची यादी, आणि ते तळायचं इंधन. कराडात मोर्चा निघाला होता का, ते आजीला आठवत नाही. पण तिने पेपरातला लाटण्यांचा फोटो पाहिलेला आठवतो. "मला वाटलं, इतकी लाटणी आणली, पण ह्यांच्या घरी पोळ्या कोण करतंय?"

स्पर्धेत माझा कंदील दुसरा आला. अनारसे अपात्र, कारण सहाच्या जागी तीनच ठेवता आले. पहिला नंबर लागला तो प्लास्टिकच्या बाटल्यांच्या कारंज्याला. एअर फ्रायर गेला त्याचं दुःख नाही.

दिवाळीत आजी आठवडाभर माझ्याकडे राहायला आली. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींशी तिची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. बोलता बोलता २०२२च्या 'आनंदाचा शिधा'चा विषय निघाला. रेशनकार्डावर शंभर रुपयांत चार वस्तू: एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ, एक लिटर पामतेल. आजीने हे पहिल्यांदाच ऐकलं. तिने बोटांवर हिशेब सुरू केला. डाळ दळून आणली की शेव. रवा आहे, साखर आहे, म्हणजे लाडू. इथे ती अडली.

"पण तूप कुठंय? लाडू काय तेलात वळायचे?"

"लाडू नाही केले आजी," मावशी म्हणाल्या. "रव्याच्या शंकरपाळ्या केल्या, गोड."

"तेलाच्या मोहनाच्या?"

"हो."

"कडक नाही झाल्या?"

"पहिला घाणा झाला. मग मोहन वाढवलं."

आजी खुर्चीत पुढे सरकली. मला म्हणाली, "वही आण, आणि पेन." मग मावशींकडे वळून विचारलं, "चार वाट्या रव्याला किती घातलंस?"